आवाज बाहेरपर्यंत

सासरी सगळे जमले, की थोरला जावई ऑफिसातल्या आपल्या दराऱ्याच्या बाता मारायचा. धाकटा उंच इमारतींना काचा बसवायचा, म्हणून थोरला त्याची ओळख ‘आमचे लटकते साडू’ अशी करून द्यायचा.

एकदा धाकटा नेमका त्याच ऑफिसाबाहेर, विसाव्या मजल्यावर, दोरांनी टांगलेल्या पाळण्यात उभा होता. साहेबांच्या केबिनची तडकलेली काच काढून झाली होती, नवी अवजड काच क्रेनने वर येत होती. आत साहेब कुणाची तरी बिनपाण्याने करत होते. डोकावून पाहतो तर मान खाली घालून थोरलाच उभा! नजरानजर झाली.

“ओळखीचा आहे का हा?” साहेबांनी विचारलं.

“छे हो सर! कोण कुठला!” थोरला म्हणाला.

रविवारी जेवताना थोरल्याची गाडी पुन्हा सुटली. “परवा साहेबांच्या केबिनमध्ये असा आवाज चढला माझा! साहेब चिडीचूप.”

“काहीतरीच!” सासूबाई म्हणाल्या.

“नाही हो, खरंय,” धाकटा म्हणाला. “मी बाहेरच होतो. आवाज पार पाळण्यापर्यंत येत होता.”

कुणाचा, ते त्याने सांगायच्या आत थोरला स्वतः त्याला वाढायला उठला होता.