लोवेलचे आकडे

"नऊ झाले. आता राहिला लोवेल," असं पुटपुटत डॉक्टर ट्वायला हृस्कानं गाडी लोवेल आणि आर्डिस कोपके या दांपत्याच्या फाटकातून आत घेतली.

दहा रुग्ण, त्यांचे सहा महिन्यांचे आकडे आणि ते खरे असल्याची तिची सही. बोर्डाला एवढंच हवं होतं, पण उद्या संध्याकाळच्या आत. नाहीतर झोपेच्या विकारांचं तिचं प्रमाणपत्र रद्द.

एकदा गेलं की गेलंच. ट्वायला मुळात सर्दी-खोकल्यापासून बाळंतपणापर्यंत सगळं बघणारी गावची डॉक्टर. पूर्वी अशा डॉक्टरांना अनुभवाच्या जोरावर या परीक्षेला बसता येई. ते दार केव्हाच बंद झालं. आता अख्खं वर्ष मोठ्या इस्पितळात शिकायला जावं लागतं, आणि चौसष्टाव्या वर्षी तिला कोण घेतंय! प्रमाणपत्र नाही तर विमा कंपन्यांचे पैसे नाहीत, म्हणजे गावातलं तिचं तपासणी केंद्र बंद. मग घोरणाऱ्यांनी तपासणीसाठी पेंगत पेंगत शहरापर्यंत तीन तास गाडी हाकायची.

आणि ते केंद्र उभं कसं राहिलं होतं! बंद पडलेल्या मोटेलच्या दोन खोल्या. पलंग लोवेलनं गुरांच्या ट्रेलरमधून आणलेले. पहिला रुग्णही तोच. अंगभर तारा चिकटवल्यावर म्हणाला होता, "डॉक्टरीणबाई, वासरांना डाग देताना आम्हीसुद्धा एवढा छळ करत नाही हो!" परीक्षेला ती ओमाहाला निघाली, तेव्हा बर्फ पडत होतं म्हणून लोवेल आणि आर्डिस तिला स्वतःच्या पिकअपमधून घेऊन गेले. तिथे सगळे फुप्फुसांचे नाहीतर मेंदूचे बडे डॉक्टर. ही एकटीच चिखलाच्या बुटांत. निकालाच्या दिवशी तिघांनी आर्डिसच्या स्वयंपाकघरात नाच केला होता. कसले दिवस होते ते! आठवलं की ट्वायलाला अजून भरून येई.

आर्डिस दारातच उभी होती. बारीक झाली होती.

"ॲरिझोनाहून येऊन आठ दिवस झाले, आणि गावात तोंड नाही दाखवलंस?" ट्वायला म्हणाली. हे दोघं दर हिवाळ्यात लेकीकडे टूसॉनला जात.

"घर झाडण्यातच वेळ गेला बघ. ये, दालचिनीचे रोल केलेत."

"आणि आमचे राजेश्री कुठायत?"

"घरी नाहीये."

"कुंपणं दुरुस्त करत असणार. या वयात!" ट्वायला खुर्ची ओढून बसली. आर्डिसनं कॉफी ओतली.

ट्वायलानं कागद काढले. झोपेत श्वास अडू नये म्हणून लोवेल रात्री मास्क लावी. त्याचं मशीन रोजचे आकडे आपोआप तिच्या दवाखान्यात पाठवी. ऑक्टोबरात त्यानं स्वतःहून सांगितलं होतं, "तुमच्या त्या दहा जणांत माझं नाव पहिलं टाका. एक रात्र चुकवणार नाही, शब्द देतो." आणि खरंच, एकही रात्र चुकली नव्हती.

पण पुढची गोष्ट तिला खटकत होती. इतकी वर्षं लोवेलचा श्वास मास्क लावूनही तासाला दहा-बारा वेळा अडायचा. जानेवारीच्या मध्यापासून एकदाही नाही. शिवाय पहाटे चारला उठणारा हा माणूस आता सातपर्यंत झोपत होता.

"त्याला दिवसा झोप येते का गं? टीव्हीसमोर?"

"नाही."

"चर्चमध्ये? तुमच्या लेकीच्या लग्नात पाद्र्यापेक्षा याचं घोरणं मोठं होतं, आठवतं?"

आर्डिस हसली, मग डोळे पुसले. "आठवतं ना. आता नाही येत."

"जेवणानंतर?"

"नाही गं बाई. कधीच नाही."

ट्वायलानं पेन खाली ठेवलं. एका ट्रकवाल्यानं लायसन्स वाचवायला मेव्हण्याला मास्क लावून झोपवलं होतं, ते तिला आठवलं. लबाडीचे आकडे असे गुळगुळीत असतात. हे असे पाठवले तर ती खोटी ठरणार, आणि वगळले तर नऊच उरणार.

"मशीन दाखव."

ते पलंगाशी होतं. ट्वायलानं मास्क उचलला. त्याचे पट्टे आवळून आवळून पार लहान केलेले. लोवेलच्या बैलासारख्या मानेला ते पुरणंच शक्य नव्हतं. आतल्या कडेला आर्डिसच्या फेस क्रीमचा वास होता.

"आर्डिस, हा मास्क कोण लावतं?"

आर्डिस चादरीची घडी मोडत राहिली. "मी."

ट्वायलाचं डोकं फिरलं. "कमाल आहे तुमची! वीस वर्षांची ओळख, आणि मलाच फसवता? तो टोणगा मजेत घोरतो आणि हजेरी बायको लावते! अगं, उद्या या आकड्यांखाली मी सही करणार होते. केंद्र राहू दे, माझी अब्रू गेली असती. बोलव त्याला. समोरासमोर सांगू दे, का केलं ते."

"त्याला काही बोलू नकोस."

"का नको? शब्द त्यानंच दिला होता ना?"

"हो, त्यानंच दिला होता." आर्डिसनं तिच्या हातातून मास्क अलगद काढून घेतला. "सोळा जानेवारीला टूसॉनलाच तो वारला, ट्वायला. इथे कुणालाच कळवलं नाही मी. शेतावरच्या कामाला जावं तसा सहज गेला. रात्री मशीन बंद बघितलं आणि म्हटलं, आता तुझं सर्टिफिकेट जाणार. मग मीच लावला."