जेवून आलोय, पन बसतो

कलावंताचा आवाज ही देवानं त्याच्यापाशी ठेवलेली ठेव असते. कानिफनाथची ठेव देवानं मिरजगावच्या यात्रेच्या तोंडावर, काही न सांगता परत नेली.

तसा देवाचा दोष नव्हता. दुष्काळी कामावर खडी फोडताना कानिफनाथनं पोटभर धुरळा गिळला होता. डॉक्टर म्हणाले, महिनाभर तोंड उघडायचं नाही, जेवायला सोडून. त्या साली ते जेवायलाही फारसं उघडत नव्हतं.

"आवं, मी बोलते की तात्याचं," मनकर्णा म्हणाली. पडद्यामागं ढोलकी वाजवण्यात तिचा जन्म गेला होता.

कानिफनाथनं तात्याच्या मिशांकडं बोट दाखवलं आणि बायकोला हात जोडले. विषय संपला.

तात्या म्हणजे त्याची कळसूत्री बाहुली. तात्या, त्याची बायको भागूबाई आणि एक पाहुणा, असा तीन बाहुल्यांचा संसार तो दरसाल यात्रेत मांडायचा. इतक्या वर्षांत तात्याच्या मिशीचा एक केस पिकला नव्हता. दरसाल तो बाजेवर बसायचा आणि बाज मोडायची. भागूबाई विचारायची, "कुठं उलथला हुता?" तात्या म्हणायचा, "हितंच हुतो!" मग भाकरी तव्यावर पडली, की पाहुणा दारात हजर: "जेवून आलोय, पन बसतो."

तिघांचेही आवाज कानिफनाथचे. हशा पुढच्या ओळीत उठायचा आणि लाटेसारखा मागं मागं सरकत पंचांच्या खुर्च्यांपर्यंत जायचा. विनोद पिकायला वेळ लागतो, आणि असा पिकणारा विनोद थोर कलावंतालाच साधतो, अशी कानिफनाथची समजूत होती.

त्यात यंदा त्याला चक्क नवा विनोद सुचला होता. घरोघरी रेशनची लाल मिलो, म्हणजे अमेरिकेची बेचव ज्वारी, शिजत होती. भागूबाईनं मिलोची भाकरी पुढं करायची आणि पाहुण्यानं दोन पावलं मागं सरून म्हणायचं, "आज खरंच जेवून आलोय." मनकर्णानं त्यासाठी चिंधीची भाकरी गेरूत बुडवून वाळवली होती. विनोद तयार होता, भाकरी तयार होती. बोलायचं तेवढं राहिलं होतं.

पंचांना हे कळून चालणार नव्हतं. दुष्काळामुळं यंदा यात्रेत एकच करमणूक ठेवायची ठरलं होतं. खेळ फसला, तर पुढच्या सालापासून तात्याची जागा केडगावच्या छगनच्या तंबू सिनेमाला जाणार होती. छगन आशेनं गावातच मुक्काम ठोकून बसला होता.

संध्याकाळी यात्रेचे मुख्य पंच सूर्यभान पाटील पडद्यामागं डोकावले. मागोमाग छगन.

"काय कानिफबुवा, तयारी झाली का?"

"त्यांचं मौन हाय, पाटील," मनकर्णा म्हणाली. "नवस हाय."

"मौन?" छगन हसला. "खेळात बी पाळनार का काय?"

"तुमच्या शिनेमाची मशीन दर घटकेला मौन पाळती, तवा कुनी इचारलं का तुमाला?"

पाटील हसत आपल्या खुर्चीकडं गेले. छगन हसला नाही.

खेळ सुरू झाला. ढोलकी थांबली. तात्या बाजेवर बसला, बाज मोडली. भागूबाई कमरेवर हात ठेवून उभी राहिली. पुढं बोलायचं कुणी, हे अजून ठरलंच नव्हतं. कानिफनाथच्या हातातल्या दोऱ्या घामानं भिजल्या.

अगदी पुढं बनुबाई बसली होती. जन्मभर ज्वारीवरची पाखरं हाकलून तिचा गळा तयार झालेला. तिला धीर निघाला नाही.

"कुठं उलथला हुता?" ती गरजली. आणि तात्याकडून उत्तर येईना म्हणून तीच म्हणाली, "हितंच हुतो!"

मैदान एकदम फुटलं. त्यानंतर कानिफनाथला नुसत्या दोऱ्या हलवायच्या होत्या. तात्याचं बनुबाई बोलली, भागूबाईचं बनुबाई बोलली, "जेवून आलोय, पन बसतो" हेही तीच बोलली. डॉक्टरांचा शब्द न मोडता कानिफनाथचा संसार चालला होता.

मग भागूबाईनं लाल भाकरी पुढं केली.

हे कुणाला पाठ नव्हतं. पाहुणा दोन पावलं मागं सरला. कानिफनाथनं डोळे मिटले.

"आगं बया," बनुबाई ओरडली, "मिलो दिसल्यावर म्हनतोय, आज खरंच जेवून आलोय!"

पंचांच्या खुर्च्यांसकट सगळं मैदान एकाच वेळी हसलं. छगनही हसला, मग चपला शोधायला लागला.

खेळ संपल्यावर सूर्यभान पाटील डोळे पुसत पडद्यामागं आले. कानिफनाथ मान खाली घालून उभा राहिला. मनकर्णानं ढोलकी मांडीवर घट्ट धरली.

"कानिफबुवा, फुडल्या सालाची सुपारी तुमालाच," पाटील म्हणाले. "मौन पावलं म्हना."

कानिफनाथनं वाकून नमस्कार केला.

"आता नवा विनोद सुचला न्हाई तरी चालंल," पाटील त्याच्या खांद्यावर हात ठेवून म्हणाले, "पन ह्यो बनुबाईचा आवाज सोडू नका. इतकी वर्सं मागं खुर्च्यांवर आमाला तुमचा एक शब्द ऐकू येत न्हवता. फुडच्यांनी सांगितलं, की आमी हसायचो."