निळं कव्हर

ताईला दिसत नाही. वर्गातली लेक्चर्स टेप करायला तिला रेकॉर्डर हवा होता. दुकानात निवड मीच केली: चपटा, चकचकीत, नुसतं काचेवर बोट फिरवायचं. दुकानदाराने तो सुरू करून दाखवला आणि मी कव्हर बघायला पलीकडे गेलो.

वर्षअखेरीस ताई नापास झाली.

"एवढा भारी रेकॉर्डर घेऊन दिला, लेक्चर्स ऐकायला काय झालं होतं?" मी तोंडसुख घेतलं.

"माझंच चुकलं रे," ती म्हणाली.

आज मीटिंगसाठी मी तिचा रेकॉर्डर मागून घेतला. आत एकच रेकॉर्डिंग होतं, दुकानातलं. दुकानदार तेव्हा बंद करायला विसरला असणार.

त्यात ताईचा दबका आवाज होता. "अहो, बटणं हाताला लागतील आणि काय दाबलं ते बोलून सांगेल, असा नाही का एखादा?"

"आहे की! हा बघा, हातात धरून बघा. बदलून देऊ?"

थोडा वेळ नुसती बटणं दाबल्याचा आवाज.

"नको, राहू द्या. भावाने हौसेने निवडलाय."

मग लांबून माझा आवाज जवळ आला, "ताई, निळं कव्हर घेतलं बघ. काय उठून दिसतंय!"