टेकडीच्या अलीकडे

"बूट बाहेर काढा," तिनं दुसऱ्यांदा सांगितलं.

"हो हो, काढतेच," टोपीवाली पाहुणी म्हणाली आणि बुटांसकट तंबूत शिरली. मागोमाग तिचा नवरा, गळ्यात भलामोठा कॅमेरा. सतरंजीवर चिखलाचे चार ठसे उमटले. बाळ त्याच सतरंजीवर रांगत होतं.

तिनं बाळाला उचलून कडेवर घेतलं. डोक्यात सणक गेली होती. या दोघांना घेऊन आलेला वाटाड्या दारातच उभा होता. त्यानं डोळ्यांनी खुणावलं, जरा दमानं.

"आम्ही त्या टूरवाल्यांसारखे नाही हं," टोपीवाली ऐसपैस बसली. "आम्ही जबाबदार प्रवासी. प्लास्टिकची बाटलीसुद्धा सोबत आणत नाही. भटक्या लोकांत आलं की त्यांच्यासारखंच होऊन राहायचं."

"बरंय."

"अगंबाई, आमच्यासारखं बोलतेस की!"

"थोडी शाळा झालीय."

"ऐकलंत का? हिची शाळा झालीय!" टोपीवालीनं नवऱ्याला अशा सुरात सांगितलं, की जणू मेंढीच बोलायला लागली होती.

चुलीपाशी बसलेली म्हातारी खोकली. खोकला होता की हसू, देव जाणे.

"या सासूबाई का?"

तिनं नुसती मान हलवली.

नवऱ्यानं न विचारताच म्हातारीच्या तोंडासमोर कॅमेरा धरला. "आजी, हसू नका. थकल्यासारख्या बसा."

"थकल्यासारखी कशाला? थकलेच आहे की," म्हातारी म्हणाली.

तोवर टोपीवालीनं पेटीचं झाकण उघडून आत डोकावून घेतलं, दुधाच्या भांड्याचा वास घेऊन नाक मुरडलं आणि बाळाच्या मुठीत चॉकलेट कोंबलं.

"आठ महिन्यांचा आहे तो. घशात अडकेल." तिनं बाळाची मूठ उघडून चॉकलेट काढून घेतलं.

"एवढं काय त्यात, चाटलं असतं. बरं, याला लस टोचतेस का गं? डॉक्टर काही खात नाही आपल्याला. घाबरायचं नाही."

"घाबरत नाही."

"शाब्बास! अहो, बाळाचा फोटो घ्या ना."

"बाळाचा नको," ती म्हणाली. "म्हातारीचे झाले तेवढे पुरेत."

"नजर लागते का?"

"नाही. तुमच्या लेकराचा फोटो मी असा घरात घुसून काढला तर चालेल तुम्हाला?"

टोपीवाली मनमोकळी हसली. "अगं, आमचं वेगळं!"

तेवढ्यात टेकडीपलीकडून कोवळं बें बें ऐकू आलं. कॅमेरेवाल्यानं कान टवकारले. "पिलं! व्यायल्यात वाटतं मेंढ्या." आणि तो तंबूबाहेर पडलासुद्धा.

"साहेब, तिकडे वाट नाही," वाटाड्या मागून ओरडला. साहेब टेकडीच्या दिशेनं चालू लागले होते.

ती बाळासकट धावली आणि आडवी उभी राहिली. "पुढं जायचं नाही."

"का?"

"दोन दिवसांची पिलं आहेत. मेंढी पिलाला वासानं ओळखते. परक्यांनी हाताळलं की ढुशी मारून बाजूला करते, पाजत नाही."

"हात कोण लावतंय? लांबून बघू."

"गेल्या वर्षीचे पाहुणेही हेच म्हणाले होते. मग पिलं या हातातून त्या हातात फिरली. सगळे हसत होते, खेळत होते."

पुढचं तिनं सांगितलं नाही. अकरा पिलं मेली होती त्या आठवड्यात. बाटलीनं दूध पाजून पाजून ती हरली होती. शेवटी स्वतःच्या हातांनी खड्डे खणले होते.

"ही टेकडी काय तुझ्या बापाची आहे?" कॅमेरेवाला तडकला.

"नाही. पण तुमच्याही बापाची नाही."

"बघा हो, कशी बोलते!" टोपीवाली धापा टाकत येऊन पोचली. "आम्ही एवढं आपुलकीनं आलो, आणि ही तोडून बोलतेय."

कॅमेरेवाल्यानं तिला बाजूला सारलं नाही इतकंच. तो वळसा घालून चढू लागला. वीस पावलं, तीस पावलं. वाटाड्या नुसता हात चोळत होता. तिच्या तोंडाशी शिव्यांची रांग लागली होती, पण शिव्यांनी हा गडी थांबणार नव्हता. उलट आणखी चेव आला असता. काय दिलं तर तो मागे फिरेल, ते तिला ठाऊक होतं.

"साहेब," तिनं हाक मारली. आवाज कसाबसा ताळ्यावर आणला. "या खाली. बाळाचे काढा, हवे तेवढे."

तो थांबला. मागे वळला. पिलांपेक्षा हे बरं, असं त्याच्या चेहऱ्यावर स्पष्ट उमटलं.

पाऊण तास चाललं. टोपीवालीनं बाळाला मांडीवर घेतलं, खांद्यावर घेतलं, कपडे उतरवून मातीत बसवलं. बाळ भोकाड पसरून आईकडे झेपावत होतं.

"घेऊ नकोस इतक्यात," टोपीवाली ओरडली. "रडतंय तोवर छान येईल. किती खरं वाटतंय!"

ती मुठी आवळून उभी राहिली. नखं तळहातात रुतली. टेकडीकडे तिनं एकदाही पाहिलं नाही, न जाणो पाहुण्यांना परत आठवण व्हायची.

एकदाचे ते गाडीत बसले. "अस्सल आहे हो सगळं," टोपीवाली खिडकीतून वाटाड्याला म्हणाली. "आमच्या मैत्रिणींनाही इथंच आणा."

"इथंच आणतो बाई," वाटाड्या म्हणाला. "दुसरीकडे कुठं नेतच नाही मी कोणाला."

गाडीची धूळ खाली बसली. म्हातारीनं डोक्यावरचं फडकं ओढून काढलं, पिशवीतून चष्मा काढून नाकावर चढवला आणि म्हणाली, "डॉक्टर, उद्या या खोट्या तंबूतली सासू तुम्ही व्हा. गुरांच्या दवाखान्यात तीस वर्षं केसपेपर लिहिले, पण कंबर कधी अशी मोडली नव्हती." टेकडीच्या माथ्यावर काठी टेकून एक मेंढपाळीण येऊन उभी राहिली होती. तोंडाशी हात धरून तिनं खाली हाक मारली, "गेले का हो डॉक्टरीणबाई? आमची पोरं सकाळपासून तंबूत कोंडलीत, सोडू का आता बाहेर?"