दहा लाख तीन

पॅकिंगच्या ताईंना लेकीच्या बाळंतपणासाठी आठ दिवसांची सुट्टी मिळाली. पण साहेबांनी हे कुठे बोलायचं नाही असं बजावलंय, तेव्हा मिळालीच नाही असं धरून चाला.

साहेब म्हणाले होते, "ही दहा लाख तीन बटणं सगळ्या खोक्यांत सारखी भरा. एकही उरता कामा नये. मग जा खुशाल."

ताईंनी खोक्याच्या झाकणावर भागाकार मांडले. सातने बाकी चार. आम्ही जेवणाचे डबे उघडे टाकून भोवती उभे. हजारापुढे बघायची गरजच नव्हती; आतल्या एकशे अडुसष्ट मूळ संख्या संपत आल्या. शेवटच्या नऊशे सत्त्याण्णवनेही बाकी बारा! आम्ही टाळ्याच पिटल्या.

"साहेब, या संख्येला कशानेच पूर्ण भाग जात नाही," ताईंनी जाऊन सांगितलं.

"अहो, मग तीन बटणं खिशात टाका की!"

"टाकते. पण दहा लाख तीनच्या मोजणीच्या कागदावर सही तुमचीच आहे."

ताईंनी तिथल्या तिथे अर्ज लिहिला:

"सदर बटणे समान भरण्याचे दोनच मार्ग आहेत. तरी दहा लाख तीन खोके, अथवा सर्व बटणे मावतील असा एकच खोका व तो उचलण्यास स्वतः साहेब, आजच उपलब्ध करून द्यावेत, ही नम्र विनंती."