उजवं चाक

जुन्या चादरीवर दोन पाने, एक शिकंजा, एक तारेचा ब्रश, चार नव्या ब्रेक पॅडचं बंद खोकं, सेन्सरची एक नवी तार, जाडी मोजायचा एक व्हर्नियर आणि लांब दांडीचे दोन छोटे आरसे. नऊ वस्तू. आईने त्या मोजल्या आणि मगच कामाला हात घातला. ती दातांची डॉक्टर. कुणाच्या तोंडात कापसाचा बोळा विसरून राहू नये म्हणून लागलेली मोजायची सवय दवाखाना बंद झाला तरी सुटली नव्हती. हल्ली ती गाड्यांची कामं घरच्या घरी करायची.

आजचा पेशंट म्हणजे थोरल्या लेकीची गाडी. सकाळी घाट चढून येताना तिच्यासमोर ब्रेकचा दिवा लागला होता. संध्याकाळी तोच घाट उतरून परत जायचं होतं, मागच्या सीटवर चार वर्षांच्या मुलीला घेऊन. मुलगी आत सोफ्यावर झोपली होती.

थोरली टॉर्च धरून उकिडवी बसली. आईने डावं पुढचं चाक उतरवलं आणि ब्रेकचा कॅलिपर वर उचलला. फिरत्या चकतीला दोन पॅडांत दाबून धरणाऱ्या या कॅलिपरला ती जबडा म्हणायची. आतल्या पॅडच्या पोटात एक बारीक तार गेली होती. पॅड झिजत तारेपर्यंत आलं की तार तुटते आणि दिवा लागतो, एवढीच त्यातली करामत. आईने पॅड मोजलं. सात मिलिमीटर. तीनवर आलं की बदलायचं, म्हणजे अजून बरंच चाललं असतं. मग तिने तारेवरून सावकाश बोट फिरवलं आणि वरच्या वळणाशी थांबली. तिथे तार पत्र्याला घासून तुटली होती.

"म्हणजे उगाच बोंब," बाबा पायरीवरून म्हणाले. "आपल्या धाकटीसारखी."

धाकटीचा रोज फोन यायचा. कधी घरमालक, कधी डोकेदुखी, कधी ऑफिसातली बाई. खोलात जाऊन पाहिलं तर सगळं जागच्या जागी असायचं. थोरलीचा फोन रविवारी, तोही दोन वाक्यांचा, आणि त्यातलं एक 'बरं चाललंय' हे. हिची कधी म्हणून तक्रार नाही, असं बाबा चारचौघांत कौतुकाने सांगत.

थोरलीचा फोन चादरीवर थरथरला. तिने तो उचलून नवऱ्याला, निघतेच आहे, म्हणून सांगितलं. हे तिसऱ्यांदा. मग ती आईला म्हणाली, तुटलेली टोकं पिळून जोडून दे, दिवा विझला की झालं. आईने तिकडे लक्षच दिलं नाही. तिने नवी तार बसवली, चाक चढवलं आणि लेकीला किल्ली फिरवायला लावली. दिवा विझला.

बाबा चादर आवरायला उठले. आईने जॅक उचलला आणि वळसा घालून उजव्या बाजूला गेली.

"अगं, आता काय गाडीची अक्कलदाढ काढतेस?" बाबांनी विचारलं.

थोरलीही म्हणाली, "आई, दिवा गेला ना?"

"डावीकडचा गेला. इकडे तारच नाही. एकाच बाजूला देतात."

"मग इकडे ठीकच असणार. काही वाजत नाही, काही नाही."

आई जॅक फिरवत राहिली. "लोक खुर्चीत बसले की सांगायचे, हा दात नका बघू, हा दुखत नाही," ती म्हणाली. "नस मेली की दुखत नाही."

उजवं चाक निघालं. बाहेरचं पॅड नुसत्या डोळ्यांना दिसत होतं, चांगलं जाड. थोरलीने ते बोटाने दाखवलं. आई जमिनीवर कुशीवर झोपली आणि दांडीचा आरसा तिने चकतीच्या मागे सरकवला. दोन बोटांत अलगद धरलेला, जराही न हलणारा. लहानपणी दवाखान्याच्या कोपऱ्यात बसून थोरलीने हा हात पाहिला होता. भेदरलेली माणसं तोंड उघडायची, हा हात आत जायचा आणि मिनिटाभरात त्यांचे वर चढलेले खांदे खाली यायचे. तिने टॉर्चचा झोत आरशावर धरला. तिला आईचा चेहरा तेवढा दिसत होता. त्यावरून काही कळत नव्हतं, तेव्हाही कळायचं नाही.

"ब्रेक दाबलास की गाडी ओढते?" आईने खालूनच विचारलं.

"थोडी. डावीकडे."

"मग तू काय करतेस?"

"काय करणार? हात जरा उजवीकडे धरून ठेवते. सवय झालीय आता."

"कधीपासून?"

फोन पुन्हा थरथरला. थोरली त्याच्याकडे बघत राहिली, आणि तो थरथरत असतानाच तिने तो चादरीवर पालथा घातला. बाबांनी अर्धी दुमडलेली चादर हातातून सोडली.

ज्या पिनेवर जबडा मागेपुढे सरकतो ती गंजून जागीच बसली होती. म्हणून दोन पॅडचा भार एकट्या आतल्या पॅडवर पडत होता. आईने पिनेला हळूहळू चाळवून मोकळं केलं, दोन्ही पॅड बाहेर काढली आणि ब्रशने साफ केली. व्हर्नियर मात्र तिने स्वतः लावला नाही. तो पुसून लेकीपुढे धरला.

"तू वाच."

थोरलीने टॉर्च बाबांकडे दिला. बाहेरचं पॅड मोजलं.

"सहा पूर्णांक सहा."

मग आतलं घेतलं. वाचलं, उजेडाकडे वळवलं, आणि व्हर्नियर उघडून पुन्हा एकदा लावला.

"शून्य पूर्णांक नऊ," ती म्हणाली.