ऐंशी किलोचा पूल

विचारलं की क्षणात उत्तर, विचार मात्र शून्य. ऋजुताची ही खोड तिच्या आजीला, भागूबाईंना, मुळीच खपत नसे. शाळेने मुलांच्या कानामागे आपोआप उत्तर सांगणारी गणिताची पट्टी बसवल्यापासून वहीला कुणी हातच लावत नव्हतं.

आज परीक्षेसाठी ऋजुताने ओढ्यावर दोरांचा पूल बांधला होता. वीस मुली एकदमच चढायला रांगेत उभ्या होत्या.

"भार किती गं?" भागूबाईंनी वाट अडवली.

"ऐंशी किलो, आजी. पूल शंभर पेलतो."

जन्मभर पोतं काट्यावर चढवण्याआधी हाताने जोखणाऱ्या भागूबाईंनी पहिल्या पोरीला उचलून पाहिलं.

"ही एकटीच चाळीस भरेल. मग वीसजणी ऐंशी कशा?"

ऋजुता पांढरीफटक पडली. पट्टीला एकीचं वजन सांगताना चाळिसातलं शून्य राहून चारच सांगितलं गेलं होतं.

"काढ ती पट्टी," भागूबाई म्हणाल्या. "तुला उत्तरं येतात बाई, गणित येत नाही."